वेटेड कीचा कीबोर्ड घेताय? आधी पट्टीखाली काय चालतं ते बघा

मिडी कीबोर्डमधून आवाज येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गणपतीच्या तोंडावर मोठा खोका घरी आणून, फोडून, वायर लावून "अरे काहीच वाजत नाहीये" म्हणणारे हमखास भेटतात. आवाज असतो लॅपटॉपात किंवा फोनमध्ये, सॉफ्टवेअरच्या आत, कीबोर्ड फक्त निरोप पाठवतो. निरोपही एवढासा: कुठली पट्टी दाबली त्याचा एक नंबर आणि किती वेगात दाबली त्याचा एक नंबर, १ ते १२७ मधला. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, तिच्या शेजारची काळी एक ६१, असं चढत जातं. ही निरोपांची भाषा म्हणजेच मिडी, ती १९८३ मध्ये ठरली, अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलती केली, आणि त्यासाठी दोघांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. तेव्हाच्या पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जायचे, म्हणजे एक स्वर पोचायला साधारण एक मिलिसेकंद. आता यूएसबी आलं तरी निरोप तोच आहे.

आता त्या दुसऱ्या नंबरकडे बघू, कारण वेटेड की (पियानोसारखी जड केलेली पट्टी) घ्यायची की नाही याचं सगळं उत्तर तिथेच आहे.

प्रत्येक पट्टीखाली रबराची एक छोटी घुमटी असते आणि तिच्या पोटात कार्बनचे दोन ठिपके, एक जरा पुढे, एक जरा मागे. पट्टी खाली जाताना पहिला ठिपका सर्किटला टेकतो, मग दुसरा, आणि आतली चिप या दोघांच्या मधला वेळ मोजते. वेळ कमी लागला म्हणजे बोट वेगात आलं, नंबर मोठा. वेळ जास्त लागला, नंबर लहान. बस्स. जोर मोजणारं आत काही नाही. तुम्ही पट्टी दाबून वर बसलात तरी त्या नंबरात फरक पडणार नाही (आफ्टरटच नावाची सोय काही मॉडेलमध्ये असते, ती पट्टी तळाशी गेल्यानंतरचा दाब मोजते, पण तो वेगळा निरोप).

म्हणजे लॅपटॉपला कळतच नाही की तुमची पट्टी जड होती की हलकी. ९० नंबर गेला की ९०चाच आवाज येणार, मग तो हलक्या स्प्रिंगच्या कीबोर्डवरून गेलेला असो नाहीतर पंधरा किलोच्या धुडावरून. मग लोक जास्त पैसे देऊन ते धूड का घेतात? तर फरक पडतो बोटाला, आणि त्यामागचं फिजिक्स खरोखर मजेशीर आहे.

१७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पियानो बनवला. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, तुम्ही पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारायची असं ठरवलं, पण हातोडी तारेला चिकटून राहिली तर तार घुमणारच नाही, म्हणून त्याने अशी यंत्रणा केली की पट्टी हातोडीला तारेच्या अगदी जवळपर्यंत नेते आणि तिथे सोडून देते. शेवटचा टप्पा हातोडी स्वतःच्या वेगाने जाते. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखं आहे ते, सुटल्यावर तुम्ही हात कितीही हलवा, दगड कुठे आणि किती जोरात लागणार ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून पियानोचा एक स्वर किती मोठा वाजणार हे सुटतानाच्या वेगावर ठरतं, आणि म्हणूनच मिडीचा तो एकुलता एक नंबर पियानोसाठी चांगला पुरतो.

पण ती हातोडी हलवायला बोटाला जे करावं लागतं ते वेगळंच आहे. पट्टी आणि हातोडी मिळून एक तरफ आहे, पट्टी एक सेंटीमीटर खाली गेली की हातोडी साधारण पाचपट अंतर वर जाते. आता हातोडी दहा ग्रॅमच्या आसपासची धरली, तर बोटाला तिचं जडत्व पाचपट नाही, पाचाच्या वर्गाने जाणवतं, म्हणजे पंचवीसपट, अडीचशे ग्रॅम! (एकदा पाचपट वेग द्यायचा म्हणून, आणि तरफेच्या उलट टोकाने ढकलायचं म्हणून पुन्हा पाचपट.) गंमत अशी की पट्टी नुसती हळूच खाली जायला ५० ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं. हळू दाबलं तर हलकी, झटक्यात दाबली तर जड. जितक्या चटकन वेग द्यायला जाल तितका विरोध.

स्प्रिंगचं याच्या उलट. स्प्रिंग वेगाला ओळखत नाही, ती फक्त अंतर ओळखते, सुरुवातीला हलकी आणि तळाशी जड, हळू दाबा की जोरात. त्यामुळे स्प्रिंगवाल्या स्वस्त कीबोर्डवर बोट पटकन सुटतं, जरासा जोर जास्त झाला की नंबर ६० वरून ९५ वर, आणि हळुवार वाजवायचं म्हटलं की आवाज येतच नाही किंवा एकदम येतो. वजनाच्या पट्टीत बोटाचा बारीकसारीक कंप त्या जडत्वात जिरतो, म्हणून नंबर एकसारखे येतात. हॅमर ॲक्शन म्हणतात ती हीच, आत तार नसते पण प्रत्येक पट्टीमागे खरोखर एक वजन उडतं आणि फेल्टवर आपटतं. "ग्रेडेड" लिहिलं असेल तर खर्जाकडे वजन जास्त आणि तारसप्तकाकडे कमी, खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात म्हणून. "सेमी-वेटेड" म्हणजे स्प्रिंगच, पट्टीला थोडं वजन चिकटवलेलं. वाईट नाही, पण हॅमर नाही.

आता आपल्याकडचा मुद्दा. कोकणात कीबोर्ड घेणाऱ्यांत पियानो शिकलेला क्वचित, बहुतेक जण पेटीवर हात बसलेले. भजनी मंडळातले, डबलबारीतले, दशावताराला पायपेटी धरणारे. आणि पेटीत तो वेगाचा प्रकारच नाही. पट्टी दाबली की भोक उघडतं, हवा सुरातून जाते, आवाज लहानमोठा होतो तो भात्याने. त्यामुळे पेटीवाल्यांची बोटं ताना घ्यायला तयार असतात पण प्रत्येक बोटाचा वेग सारखा ठेवायची गरज त्यांना कधी पडलेलीच नसते. असा माणूस पियानोचा आवाज लावून तान घेतो तेव्हा अंगठ्याचे स्वर अंगावर येतात आणि अनामिकेचे गायब, आणि मग तो म्हणतो कीबोर्ड खराब आहे. आमच्याकडच्या एका बुवांनी तर सगळं बघून शांतपणे विचारलं, "पण हेचो भातो खंय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर म्हणजे एक्स्प्रेशन पेडल, पायाने खालीवर करायचं, तो मिडीचा ११ नंबरचा कंट्रोल पाठवतो आणि वाजत असलेल्या स्वराचा आवाज लहानमोठा करतो. तुम्हाला पेटी, ऑर्गन, बासरी असंच वाजवायचं असेल तर वेटेड की घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. हलक्या पट्ट्यांचा ४९ किंवा ६१ चा घ्या, वेग सेटिंगमध्ये फिक्स करून टाका आणि उरलेल्या पैशात ते पेडल घ्या, घेण्याआधी मागच्या बाजूला त्याचं भोक आहे ना तेवढं बघा, सस्टेन पेडलचं (बोट उचललं तरी स्वर चालू ठेवणाऱ्या) भोक वेगळं असतं. जड पट्टीवर लांबलचक तान घेतली की मनगट भरून येतं, उगाच. पियानो शिकायचाय, किंवा पियानो ऐकू येईल अशी गाणी घरी करायचीत, तर मात्र हॅमरशिवाय पर्याय नाही आणि तिथे काटकसर केली की सहा महिन्यांत कळतं.

दुकानात बघायला गेलात तर खिशात दहाची सहा-सात नाणी ठेवा. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं. पट्टीच्या पुढच्या टोकावर एकेक रचत जा, सहा-सात नाण्यांना पट्टी हळूच बसली तर ती पियानोच्या आसपास आहे. दुकानदार बघत बसेल, बसू दे. पण हे फक्त स्थिर वजन झालं, जड स्प्रिंगसुद्धा या परीक्षेत पास होऊ शकते, म्हणून नंतर तीच पट्टी झटक्यात मारून बघा, विरोध वाढला पाहिजे. मग बोट आत सरकवून काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबा, तिथे खूपच जड लागली तर आतली तरफ आखूड आहे, रोज वाजवताना त्रास होईल. आणि एकच पट्टी पूर्ण वर येऊ न देता भरभर वाजवा. दोन ठिपक्यांच्या यंत्रणेत पट्टी बरीच वर आल्याशिवाय दुसरा ठोका मोजला जात नाही, तीन सेन्सरवाल्यात अर्ध्यातूनही चालतं. नॉब, पॅड, रंगीत दिवे यांच्याकडे शेवटी बघा, ती कामं माउसने पण होतात.

आणि मग आपली हवा. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात किनाऱ्याला वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ७५ च्या खाली असतंय कधी. कार्बन गंजत नाही, हे बरं आहे, पण त्या ठिपक्यांवर धूळ आणि खारट ओलाव्याचा पापुद्रा बसतो. मग काय होतं? पहिला ठिपका उशिरा जुळतो, दुसरा वेळेवर, मधला वेळ खोटाच कमी होतो, आणि चिपला वाटतं बोट बंदुकीच्या गोळीसारखं आलं. हळू दाबलेली पट्टी १२७ ने किंचाळते. दुसरा ठिपका खराब झाला तर उलट, स्वर मेलेला नाहीतर मुकाच. लोक याला "कीबोर्ड गेला" म्हणतात, पण पुष्कळदा रबराची पट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू पुसल्या की काम होतं. गंज काढायचा स्प्रे मारू नका, त्यातलं तेल रबराला चांगलं नाही. वाजवून झाल्यावर सुती चादर टाका, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर ओल आतच कोंडते. आणि खिडकीखाली, विशेषतः पश्चिमेच्या, ठेवू नका.

जागेचं पण बघा, ८८ पट्ट्या म्हणजे नुसत्या पट्ट्याच सव्वा मीटरच्या जवळपास, वर दोन्ही बाजूंचा डबा, वजन साधारण ११ ते २० किलो. माजघरात एका जागी राहणार असेल तर ठीक, पण साकवावरून पलीकडच्या वाडीत भजनाला न्यायचा विचार असेल तर विसरा. लाईट जाते तेव्हा यूएसबीवर चालणारा हलका कीबोर्ड लॅपटॉपच्या बॅटरीवर आरामात चालतो, यूएसबीच्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपियर मिळतो, तेवढा त्याला पुरतो. मोठ्यांना बहुतेक वेळा स्वतंत्र अडॅप्टर लागतो.

अजून एक पर्याय लोक विसरतात. यामाहा पी-४५ किंवा रोलंड एफपी-१० सारखे डिजिटल पियानो यूएसबीने लॅपटॉपला जोडले की तेच मिडी कीबोर्ड होतात, हॅमर ॲक्शन असतेच, आणि लॅपटॉप नसला तरी आवाज येतो. नॉब-पॅड मिळत नाहीत, पण घरच्या कामाला मी तरी आधी हेच बघेन.

सेकंडहँड मिळत असेल, मुंबईहून कोणी चाकरमानी विकत असेल, तर फोनवर मिडी मॉनिटरचं फुकट ॲप टाकून जा, जोडायला ओटीजी केबल न्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पट्ट्या एकाच बोटाने सारख्या वेगात वाजवत नंबर बघा. ६० ते ७५ मध्ये फिरत असताना मध्येच एखादी ११० दाखवते, पुन्हा दाबली तरी ११०, तर ठिपका गेलाय. दोन-तीन असतील तर भाव पाडा आणि घ्या, साफ करून बघता येईल. वीस-पंचवीस असतील तर नवीन रबर लागणार, ते बऱ्याच मॉडेलला सप्तकाच्या तुकड्यात मिळतं, पण पैसे देण्याआधी त्या मॉडेलचं रबर बाजारात आहे की नाही एवढा एक फोन मुंबईच्या दुरुस्तीवाल्याला करा.