आंतरराष्ट्रीय सॅलनला छायाचित्रं पाठवताना: आधी विभाग ठरवा, मग फाइल तयार करा

छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना आपल्याकडे 'सॅलन' म्हणतात. त्यातल्या बहुतेक सॅलनना दोन संस्थांपैकी एकीची किंवा दोघींची मान्यता असते. 'फियाप' हा देशोदेशींच्या छायाचित्रण महासंघांचा १९५० साली स्थापन झालेला महासंघ, तर 'पीएसए' ही १९३४ पासूनची अमेरिकी संस्था. भारतातले क्लब भरवतात ती सॅलनही बहुधा याच चौकटीत चालतात, त्यामुळे ही पद्धत एकदा नीट समजली की कोल्हापुरातून अर्ज करा नाहीतर न्यू जर्सीतून, कुठल्याही देशातल्या सॅलनसाठी ती कामी येते.

नवीन मंडळी सुरुवात पिक्सेलपासून करतात. माझ्या मते सुरुवात विभागापासून, म्हणजे खुला, मोनोक्रोम, निसर्ग अशा स्पर्धेतल्या गटापासून व्हायला हवी. कुठलं एडिटिंग चालेल हे विभागावर ठरतं, आणि एडिटिंग उरकल्यावर विभाग शोधायला बसलात तर ते चित्र कुठेच बसत नाही.

कोण भाग घेऊ शकतं

हौशी, व्यावसायिक, विद्यार्थी, सगळेच. क्लबचं सभासदत्व सहसा लागत नाही. मुख्य अट एकच: छायाचित्र तुम्ही स्वतः काढलेलं हवं आणि त्याचे हक्क तुमच्याकडे हवेत. ही अट वाटते तितकी सरळ नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून छायाचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरीत टिपलेली नवरीची सुंदर फ्रेम कॅमेरा तुमचा असला तरी आपसूक तुमची होत नाही. असं चित्र पाठवायचं असेल तर ग्राहकाकडून लेखी परवानगी घ्या. ऑर्डर घेतानाच करारात तशी ओळ घातलीत तर सगळ्यात उत्तम.

विभागांचे नियम

खुला रंगीत विभाग सर्वांत मोकळा. दोन चित्रं एकत्र करा, पार्श्वभूमी बदला, चालतं. मात्र चित्रातला प्रत्येक तुकडा तुमच्याच कॅमेऱ्यातून आलेला हवा. सॉफ्टवेअरसोबत आयते मिळणारे आकाशाचे नमुने इथेच अडतात. तो ढग दुसऱ्या कुणीतरी टिपलेला असतो. एआयनं तयार केलेला कुठलाही भागही चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये मिळालेला पुरस्कार नाकारला आणि आपलं चित्र एआयनं बनवल्याचं जाहीर केलं. आज सॅलनच्या नियमावलीत एआयवर बंदीची स्पष्ट अट दिसते. मोबाइलमधलं 'नको ते पुसून टाका' हे बटणही रिकामी जागा एआयनंच भरतं, हे विसरू नका.

मोनोक्रोम विभागात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा चालतात. संपूर्ण चित्राला एकच रंगछटा दिलेली असेल, उदाहरणार्थ सेपिया, तर तीही चालते. पण जेजुरीचं चित्र कृष्णधवल करून त्यात फक्त भंडारा पिवळा ठेवलात, की ते मोनोक्रोम राहत नाही. ते रंगीत विभागात पाठवावं लागतं.

निसर्ग विभाग सर्वांत कडक. क्रॉप करणं, उजेड-अंधार सारखा करणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आणि नॉइज (कमी उजेडात चित्रावर दिसणारे दाणे) काढणं, फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेल्या फ्रेम जोडून सगळं स्पष्ट करणं) इतकी मुभा आहे. चोचीसमोर आलेली काडी पुसायची नाही, अनेक फ्रेम जोडून पॅनोरमा करायचा नाही. चित्र कृष्णधवल करता येतं, सेपिया नाही. पाळीव प्राणी आणि लागवडीची झाडं बाद. माणसाच्या खुणाही नकोत; अपवाद फक्त त्या खुणा निसर्गकथेचाच भाग असतील तेव्हा, जसं माणसाच्या वस्तीला सरावलेला प्राणी. मुंबईच्या नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेच्या शहरी विभागात मान मिळवून देणारा बिबट्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या गल्लीतलाच होता. त्या स्पर्धेची नियमावली वेगळी असली तरी वस्तीतलं वन्यजीवन ही गंभीर विषयाची जागा आहे, हे त्यातून कळतं. घरट्यावरच्या पक्ष्यांची चित्रं मात्र अनेक भारतीय सॅलन स्वीकारत नाहीत. मला तो नियम अगदी योग्य वाटतो, कारण चित्रापेक्षा पिल्लं मोलाची आहेत.

फोटोजर्नालिझम आणि ट्रॅव्हल या विभागांत प्रसंग मुद्दाम घडवून आणलेला चालत नाही. पैसे देऊन उभे केलेले मॉडेल, 'आजोबा, परत एकदा गुलाल उधळा' असं सांगून काढलेली फ्रेम, हे सगळं बाहेर. ट्रॅव्हलमध्ये आणखी एक अट आहे, जागेची ओळख पटली पाहिजे. वारकऱ्याचा चेहरा कितीही बोलका असला तरी मागची वाट, दिंडी, पताका पूर्ण धूसर झाली असेल, तर ते चित्र खुल्या विभागात द्या. जर्नालिझममध्ये किती बारीक पाहतात याचं ठळक उदाहरण २०१० चं. 'वर्ल्ड प्रेस फोटो' या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेनं स्टेपान रुदिक या छायाचित्रकाराचं पारितोषिक रद्द केलं, कारण मूळ फाइलीत दिसणारा एका माणसाच्या पायाचा छोटासा भाग अंतिम चित्रात पुसलेला होता. चित्र भरपूर क्रॉप करून कृष्णधवल केलेलं होतं, त्याला हरकत नव्हती. पुसलेल्या पायाला होती.

एका सॅलनमध्ये एक चित्र एकाच विभागात पाठवता येतं आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक विभागात जास्तीत जास्त चार चित्रं देता येतात.

फाइल तयार करणं

मर्यादा प्रत्येक सॅलनची वेगळी असू शकते, पण १९२० × १०८० पिक्सेल ही वारंवार दिसणारी. याचा अर्थ रुंदी १९२० पेक्षा आणि उंची १०८० पेक्षा जास्त नको. गडबड इथेच होते. लांब बाजू १९२० ठेवून एक्स्पोर्ट केलं की ३:२ प्रमाणातलं आडवं चित्र १९२० × १२८० होतं आणि उंचीच्या मर्यादेबाहेर जातं. योग्य माप १६२० × १०८०. तेच चित्र उभं असेल तर ७२० × १०८०. मोबाइलचं ४:३ प्रमाणातलं आडवं चित्र १४४० × १०८०, चौकोनी चित्र १०८० × १०८०. पूर्ण १९२० × १०८० फक्त १६:९ प्रमाणातल्या चित्राला मिळतं. म्हणजे उभ्या चित्राला पडद्यावर बरीच कमी जागा मिळते. ज्या चित्रातले बारकावे लहान आकारात हरवतात, त्याचा उभा क्रॉप ठेवायचा का याचा विचार आधीच करा.

लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना 'रिसाइझ टू फिट' मध्ये 'विड्थ अँड हाइट' निवडून १९२० आणि १०८० हे आकडे भरले की आडवी-उभी सगळी चित्रं आपोआप मापात येतात. पैसे खर्च करायचे नसतील तर डार्कटेबल आणि गिंप हे मोफत पर्याय पुरेसे आहेत. डीपीआय (छपाईत एका इंचात किती ठिपके) ७२ की ३०० यावर वाद घालू नका. पडद्यावर फक्त पिक्सेल मोजले जातात.

फाइल जेपीईजी हवी. आयफोनची एचईआयसी फाइल आधी बदलून घ्या. रंगांसाठी एसआरजीबी प्रोफाइल (बहुतेक पडदे वापरतात ती रंगांची मोजपट्टी) ठेवा. अडोबी आरजीबी या दुसऱ्या प्रोफाइलमध्ये ठेवलेलं चित्र प्रोफाइल न वाचणाऱ्या पडद्यावर फिकट दिसतं आणि परीक्षकासमोर ते तसंच जातं. फाइलचं वजन अनेक ठिकाणी २ एमबीच्या आत मागतात. आकार लहान केल्यावर चित्र किंचित मऊ पडतं, म्हणून शार्पनिंगचा शेवटचा हात आकार बदलल्यावरच फिरवा. चित्रावर नाव, सही, वॉटरमार्क, तारीख काहीही नको. परीक्षण निनावी असतं.

फाइल कुणाकडे तपासायला द्यायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे ती दाबली जाते आणि आतली कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं

प्रमाणपत्रांचा गठ्ठा लागत नाही. नाव, पत्ता, ईमेल आणि असल्यास फियाप किंवा पीएसएचा सभासद क्रमांक एवढ्यावर नोंदणी होते. युवा विभागासाठी वयाचा पुरावा मागू शकतात, आणि प्रवेशिका अल्पवयीन मुलाची असेल तर पालकांची संमती.

खरा दस्तऐवज म्हणजे मूळ फाइल. फियापच्या मान्यतेच्या सॅलनला चित्र पाठवलंत की चौकशीत मूळ फाइल दाखवण्याची अट तुम्ही मान्य केलेली असते. ती देण्यास नकार दिला तर कारवाई होते. म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली, प्रक्रिया न झालेली फाइल) जपा, आणि नुसती तीच नव्हे, तिच्या आगेमागे काढलेल्या फ्रेमही जपा. २०१८ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' भरवणाऱ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं मुंगीखाऊच्या एका विजेत्या छायाचित्राचा मान काढून घेतला. तो प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला होता. छायाचित्रकारानं आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइली दिल्या, पण त्यांतल्या एकाही फ्रेममध्ये मुंगीखाऊ नव्हता. तुमचं चित्र खरं असेल तर शेजारच्या फ्रेमच तुमच्या बाजूनं बोलतात. कार्ड रिकामं करण्याची घाई नको.

अर्ज भरताना

आधी मान्यता क्रमांक, म्हणजे फियाप किंवा पीएसएनं त्या सॅलनला दिलेला क्रमांक तपासा. सॅलनच्या पानावर दिलेला क्रमांक फियाप किंवा पीएसएच्या संकेतस्थळावरच्या यादीत सापडला पाहिजे. सापडला नाही तर पैसे भरू नका.

नोंदणीत नावाचं स्पेलिंग कायम एकच ठेवा, कारण पुढे या संस्थांच्या मानचिन्हासाठी अर्ज करताना सगळ्या स्वीकृती (सॅलनमध्ये निवडली गेलेली चित्रं) त्याच नावावर मोजल्या जातात. मग विभाग निवडा, चित्र चढवा, शीर्षक द्या. शीर्षकात कॅमेऱ्यानं दिलेला फाइल क्रमांक किंवा 'अनटायटल्ड' नको. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी नाव काही सर्व्हर वाचू शकत नाहीत. शुल्क भरल्याशिवाय प्रवेशिका परीक्षणाला जात नाही, म्हणून पावतीचा ईमेल येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

मुदतीची वेळही बघा. 'रात्री ११:५९, जीएमटी' म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९. अमेरिकेतल्या सॅलनचा हिशोब आणखी वेगळा. शेवटच्या रात्री सर्व्हर मंदावतो, तेव्हा दोन दिवस आधीच आटपा.

निकाल लागल्यावर कोणतं चित्र, कोणत्या सॅलनमध्ये, कोणत्या शीर्षकानं स्वीकारलं गेलं याची एक्सेलमध्ये नोंद करा. एकदा स्वीकारलेलं चित्र पुढच्या सॅलनला नव्या शीर्षकानं पाठवता येत नाही, आणि त्याच क्षणाची जवळजवळ तशीच दुसरी फ्रेम वेगळं चित्र म्हणून दाखवताही येत नाही.