पार्श्वभूमी : पिप्रहवाची रत्ने आणि परत मागण्याचा हक्क

पिप्रहवाच्या स्तूपात बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींसोबत पुरलेली रत्ने ३० जुलै २०२५ रोजी भारतात परत आल्याचे जाहीर झाले आणि १२७ वर्षांनी वारसा घरी आल्याचा आनंद देशभर व्यक्त झाला. तो आनंद रास्तच आहे. मात्र कायद्याच्या दृष्टीने ही रत्ने कधी चोरीला गेलीच नव्हती. त्या वेळच्या सरकारनेच ती रीतसर एका इंग्रज जमीनदाराकडे राहू दिली होती. परदेशी गेलेल्या सांस्कृतिक वस्तू परत मागताना चर्चा बहुधा ‘चोरी सिद्ध होते का?’ या एकाच प्रश्नावर अडते. ही कसोटी किती अपुरी आहे, हे पिप्रहवाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेलगत पिप्रहवा हे गाव आहे. जानेवारी १८९८ मध्ये बर्डपूर इस्टेटीचे विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांनी आपल्या जमिनीतील एक मोठे टेकाड खणायला लावले. विटांचे भरीव बांधकाम फोडत मजूर खाली गेले, तेव्हा एकाच दगडातून कोरलेली प्रचंड पेटी हाती लागली. तिच्यात शंखजिऱ्याच्या दगडाचे आणि स्फटिकाचे मिळून पाच करंडक, म्हणजे झाकणाची छोटी पात्रे, होते. स्फटिकाच्या करंडकाच्या झाकणावर मूठ म्हणून मासा कोरलेला असून तो आतून पोकळ आहे आणि त्याच्या पोटात सोन्याच्या वर्खाचे तुकडे भरलेले होते. अस्थींचे तुकडे व रक्षा यांच्याबरोबर अकीक, पोवळे, गार्नेट, स्फटिक अशा खड्यांची इवलाली फुले आणि पाने, तसेच छाप उठवलेले सोन्याचे पातळ पत्रे सापडले. एका करंडकाच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत कोरीव लेख आहे. त्याच्या अन्वयाबद्दल अभ्यासकांत पुष्कळ वाद झाला, तरी हे बुद्धाच्या अस्थींचे निधान, म्हणजे पुरून ठेवलेला ठेवा, असून ते बुद्धाच्याच कुळातील शाक्यांनी केले, हाच अर्थ सर्वसाधारणपणे मान्य झाला. त्याच वर्षी फ्यूरर या सरकारी पुरातत्त्व अधिकाऱ्याचा बनावट अवशेषांचा व्यवहार उघडकीस आल्यामुळे पिप्रहवाच्या शोधावरही संशय घेतला गेला होता. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी के. एम. श्रीवास्तव यांनी त्याच स्तूपात अधिक खोल उत्खनन करून आणखी करंडक शोधून काढले.

या निधानाची वाटणी कशी झाली, हे नीट पाहायला हवे. १८७८च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू म्हणजे ‘धन’ ठरवले होते, आणि त्यात शोधणारा, जमीनमालक व सरकार यांचे हक्क कसे ठरवायचे एवढाच विचार होता. जे श्रद्धेने, पुन्हा कधी बाहेर न काढण्यासाठी पुरले गेले, त्याला या कायद्यात वेगळे स्थानच नव्हते. सरकारने अस्थी सयामचे (आजच्या थायलंडचे) राजे चुलालोंगकोर्न यांना भेट दिल्या, बहुतेक रत्ने आणि करंडक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमकडे सोपवले आणि ‘दुबार नमुने’ म्हणून रत्नांचा सुमारे पाचवा हिस्सा पेपे यांच्याकडे राहू दिला. अस्थी पूज्य आणि सोबतची रत्ने निव्वळ मौल्यवान, असा भेद शाक्यांनी केला नव्हता. तो अधिकाऱ्यांनी केला, आणि माझ्या मते मूळ अन्याय तिथेच झाला.

सयामचा राजा हाच तेव्हा एकमेव बौद्ध राजा, म्हणून तो अस्थींचा योग्य धनी, असे मानले गेले. हिंदुस्थानातल्या कोणाला विचारावे, असे कोणाला वाटले नाही. वास्तविक श्रीलंकेचे बौद्ध धर्मप्रचारक अनागारिक धर्मपाल यांनी बोधगयेच्या महाविहारासाठी १८९१ पासूनच चळवळ सुरू केली होती. पुढे १९५६ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. परत मागण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाच्या उत्तरात सरकारबरोबर या समाजाचेही नाव यायला हवे.

पूर्वीचे एक उदाहरण अधिक समाधानकारक आहे. सांचीजवळ १८५१ मध्ये सापडलेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांचे अवशेष लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले होते. बौद्धांनी, विशेषतः धर्मपालांनी स्थापलेल्या महाबोधी सोसायटीने, पाठपुरावा केल्यावर ते परत मिळाले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात पुन्हा प्रतिष्ठापित झाले. आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये नालासोपाऱ्याच्या स्तूपात एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. ते परदेशी न जाता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले.

पेपे यांच्या वारसांनी मात्र २०२५ मध्ये रत्ने सदबीज या लिलावसंस्थेकडे दिली. ७ मे रोजी हाँगकाँगमध्ये लिलाव ठरला होता. बौद्ध संघटना आणि अभ्यासकांनी विरोध केला, भारताच्या सांस्कृतिक मंत्रालयाने कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव पुढे ढकलला गेला. कायद्याची बाजू भक्कम नव्हती : युनेस्कोचा १९७०चा करार आणि भारताचा १९७२चा पुरावस्तू कायदा, दोन्ही पूर्वलक्षी नाहीत, म्हणजे आधीच्या व्यवहारांना लागू होत नाहीत. नोटिशीचा खरा आधार नैतिक होता, आणि लिलाव थांबला तोही त्याच बळावर, असे मला वाटते.

अखेर मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहातील पिरोजशा गोदरेज यांनी रत्ने विकत घेतली. त्यामुळे ती विखुरली नाहीत, याबद्दल कृतज्ञ असलेच पाहिजे. तरीही ज्या वस्तू विक्रीयोग्यच नाहीत असे सरकार म्हणत होते, त्यांची किंमत शेवटी मोजली गेली, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक लिलावसंस्थेच्या लक्षात राहील. याच सुमारास महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपयांना घेतली. पण तलवार विकली जाऊ शकते, हे तिच्या काळीही सर्वांना मान्य होते. अस्थींसोबत वाहिलेल्या रत्नांबद्दल तसे म्हणता येत नाही.

खरेदीच्या वेळी जाहीर झाल्यानुसार या रत्नांचा मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयाला पाच वर्षांसाठी उसना मिळणार आहे. त्यानंतर त्यांची मालकी कोणाकडे आणि पूजेचा हक्क कोणाला, हे केंद्र सरकारने बौद्ध समाजाच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन लेखी ठरवावे आणि तो करार लोकांसमोर ठेवावा.