अठरावं संपलं, आता रात्र कुठे काढायची?

हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे देशातले दोन मोठे रेल्वेमार्ग नागपूर स्टेशनात एकमेकांना छेदतात. घर सोडून निघालेलं पोर बिहारचं असो, छत्तीसगडचं असो की बालाघाटचं, त्याची गाडी बहुतेकदा इथूनच जाते. नागपूरला गाडी जरा जास्त वेळ थांबते, फलाटावर खायला मिळतं, गर्दीत कुणी हटकत नाही. म्हणून बरीच पोरं इथेच उतरतात. उतरलेल्या मुलाचं वय सतरा आहे की एकोणीस, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. सतरा असेल तर एक अख्खा कायदा त्याच्या पाठीशी उभा असतो. एकोणीस असेल तर जवळपास काहीच नसतं.

आधी हे तरुण आपल्याला दिसत का नाहीत ते पाहू. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात साधारण 17.7 लाख लोक बेघर निघाले. पण या मोजणीत उघड्यावर, पुलाखाली, फुटपाथवर झोपणारेच धरले जातात. तरुण पोरं बहुधा तिथे नसतात. कुणी बिछायत केंद्राच्या गोदामात गाद्यांच्या ढिगावर झोपतं, कुणी भोजनालयाच्या भट्टीमागे, कुणी मित्राच्या रूमवर मालकाची नजर चुकवून. काम आहे तोवर छप्पर आहे. लग्नसराई संपली की दोन्ही एकाच दिवशी जातात. त्या दिवशी ते मोर भवनच्या किंवा गणेशपेठच्या बसस्थानकावर दिसतात आणि आपल्याला वाटतं, बसची वाट पाहताहेत.

उघड्यावर राहण्याचा पहिला घाव झोपेवर बसतो. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. फलाटावर ती तुकड्यातुकड्यांत मिळते, कारण सामान, चप्पल आणि स्वतःचं अंग सांभाळायचं असतं. मुलींच्या बाबतीत हा पहारा रात्रभर चालतो. नागपूरच्या उन्हाळ्यात काही रात्री पारा 30 अंशांखाली येतच नाही आणि दिवसभर तापलेलं काँक्रीट पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतं. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा भाग, पंचविशीपर्यंत घडत असतो. झोपेच्या तुटवड्याचा फटका याच भागाला आधी बसतो. दुपारी बाकावर आडवा पडलेला पोरगा आळशी म्हणून हिणवला जातो, पण बऱ्याचदा तो रात्रीची झोप दिवसाच्या उजेडात, माणसांच्या वर्दळीत, त्यातल्या त्यात सुरक्षित वेळी भरून काढत असतो.

पंक्चरचं सोल्युशन किंवा थिनर हुंगण्याचं कारणही इथेच सापडतं. त्यातलं टोल्युइन हे रसायन फुप्फुसातून रक्तात आणि काही सेकंदांत मेंदूत पोचतं. भूक, थंडी, भीती तिन्ही काही वेळ बोथट होतात, आणि तेही थोडक्या पैशांत. पण या वाफांनी हृदय ॲड्रेनालिनला, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाला, अतिसंवेदनशील होतं. अशा अवस्थेत मुलाला दचकवलं, ओरडून पळवलं, पाठलाग केला तर ठोके एकदम बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो. हातात हुंगायचा रुमाल घट्ट धरून बसलेलं पोर दिसलं तर त्याच्या मागे धावू नका. हळू बोला, मोकळ्या हवेत बसवा, जवळ बिडी-काडी पेटवू नका, कारण ही वाफ पेट घेते. गुंगीत असेल तर कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

मूल अठराच्या आतलं वाटत असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन किंवा 112 लावा. स्टेशनात असाल तर रेल्वे सुरक्षा बल किंवा लोहमार्ग पोलिसांकडे जा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 32 नुसार पालकांपासून दुरावलेलं मूल सापडलं तर 24 तासांत कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यानंतर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे उभं केलं जातं. फोन लागेपर्यंत उजेडात, लोकांच्या नजरेत, त्याच्यासोबत थांबा. दया आली तरी घरी नेऊ नका. ताब्यात घेणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. ‘घर का सोडलं?’ हा प्रश्न मात्र टाळा. घरात मार असेल, त्याहून वाईट काही असेल, तर या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं आणि मग तेच खोटं कागदावर चढतं. ‘काही खाल्लं का?’ आणि ‘कोणत्या शाळेत होतास?’ हे दोन प्रश्न जास्त कामाचे.

शाळेचं नाव का, तर कलम 94 प्रमाणे वयाचा पहिला पुरावा शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, तो नसेल तर जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मनगट, कोपर, खांदा आणि कमरेच्या हाडाच्या एक्स-रेमध्ये हाडांची वाढणारी टोकं कितपत जुळली आहेत ते पाहतात. त्यातून नेमकं वय निघत नाही. दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे सतरा आणि एकोणीस यांतला फरक या चाचणीला सांगताच येत नाही. शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली एक नोंद इथे एक्स-रेपेक्षा मोलाची ठरते, आणि घराचा पत्ताही बहुधा तिथूनच लागतो.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मुलाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हेतू कितीही चांगला असो, कलम 74 खाली ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय ज्याच्यापासून मूल पळालं तोही त्या ग्रुपवर असू शकतो.

बालगृहात वाढलेल्या मुलाला अठरा पूर्ण होताच बाहेर पडावं लागतं. आपल्या घरातलं अठराचं पोर बारावीनंतर काय करायचं याचा विचार करत असतं, त्याच वयात या मुलाने भाडं, गॅस आणि जामीनदार शोधायचा असतो. कायद्यात यावर उपाय आहे. त्याला अनुरक्षण म्हणतात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यानंतरचा आधार. तो 21 वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं मिळू शकतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याची योजना समितीपुढे जायला हवी. घोळ होतो तो इथे. योजना उशिरा होते, मूल आधी बाहेर पडतं, आणि एकदा पत्ता हरवला की मदत पोचवायची कुठे हाच प्रश्न उरतो. म्हणून वसतिगृहातली जागा किंवा खोली साडेसतराव्या वर्षीच बघायला लागा. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, ते दिव्यांग अनाथांना अठरानंतरही आश्रमातच राहू द्या, अशी मागणी वर्षानुवर्षं करत आले आहेत. ती रास्तच आहे.

अठरानंतर सगळं अडतं ते कागदांवर. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून मजुरी रोखीत आणि तीही मालकाच्या मर्जीने. गाठ आधारपासून सोडवा. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या किंवा आश्रमाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. त्यानंतर शून्य शिलकेचं जनधन खातं आणि असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी, जी सोळाव्या वर्षापासून होते. आधारचा अर्ज फेटाळला गेला तर हिरमुसू नका, आधी कारण विचारा. स्टेशनवर सापडलेल्या आणि नागपुरात वाढलेल्या एका मुलाचा अर्ज असाच वारंवार फेटाळला जात होता. 2021 मध्ये मानकापूरच्या आधार केंद्रातल्या तपासात कळलं की त्याच्या बोटांचे ठसे जबलपूरमध्ये आधीच नोंदलेले आहेत. त्यावरून त्याचे आईवडील सापडले.

मोबाइल नंबर हा दुसरा कच्चा दुवा. सिम 90 दिवस वापराविना राहिलं तर नंबर बंद होऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर ओटीपी, डिजिलॉकर, बँक सगळंच हातचं जातं. एखाद्या तरुणाला मदत करायची असेल तर तिसरं ब्लँकेट देण्यापेक्षा वर्षभर त्याचा नंबर चालू ठेवा.

शहरी बेघर निवाऱ्यांच्या योजनेत लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा असा निकष ठरला होता. तरीही तरुण निवाऱ्यात टिकत नाहीत. कॅटरिंगचा पोरगा रात्री एकला सुटतो, तेव्हा दार बंद असतं. कुलपाची पेटी नसते, त्यामुळे कागद चोरीला जातात. शेजारी दारू प्यायलेले मोठे पुरुष असतात. वेगळी खोली, उशिरा येणाऱ्यांसाठी नोंदवही आणि प्रत्येकाला कुलपाची छोटी पेटी एवढं जरी केलं तरी पुष्कळ फरक पडेल. वस्तीतल्या मंडळाने पेट्यांचा खर्च उचलावा, आणि एखाद्या भरवशाच्या तरुणासाठी घरमालकाकडे दोन महिन्यांच्या भाड्याची हमी लिहून द्यावी. हमी पैशांची असते तशीच ओळखीचीही, आणि मालकाला बहुतेकदा दुसरीच जास्त हवी असते.

ओळख जुळते कशी, याचा एक धडा नागपूरनेच देशाला दिला आहे. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये इथे झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला. पुढे त्यांच्या ‘स्लम सॉकर’ या उपक्रमातून खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. ठरल्या वेळी मैदानावर येणाऱ्या पोराची गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येते. तुमच्या मैदानावर, व्यायामशाळेत, वाचनालयात हजेरीची वही ठेवा, आणि सलग तीन दिवस न आलेल्या पोराला चौथ्या दिवशी फोन करायचं काम कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवा.