कळा त्याच, भीती कमी

ब्रिटनच्या राजघराण्यातली सून केट पहिल्या वेळी गरोदर राहिली तेव्हा उलट्यांनी तिला इतकं हैराण केलं, की डिसेंबर २०१२ मध्ये तिला दवाखान्यात भरती व्हावं लागलं. पोटात काही टिकूच न देणारा हा आजार, हायपरइमेसिस. त्या दिवसांत मनाच्या जोरावर शरीराला किती सावरता येतं हे तिला उमगलं आणि ती हिप्नोबर्थिंगकडे वळली. २०२० मध्ये एका पॉडकास्टवर तिने हे सांगितलं. बाळंतपण आपल्याला चक्क आवडलं, म्हणाली. कारण कळा कधीतरी संपणार हे ठाऊक होतं, उलट्यांचं तसं नव्हतं! नवरा शेजारी उभा राहून काही गोड गोड पुटपुटत नव्हता, जे केलं ते आपलं आपणच, हेही तिने हसत सांगून टाकलं.

हाताशी लंडनचे निष्णात डॉक्टर असताना तिला कसली भीती, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. एका बाईच्या अनुभवावरून पद्धतीची पारख होत नाही. पण आधी हिप्नोबर्थिंग म्हणजे काय ते पाहू, कारण नाव ऐकून लोकांना लंबक हलवणारा जादूगार आठवतो.

इथे कुणी कुणाला झोपवत नाही. बाई पूर्ण जागी असते. सातव्या-आठव्या महिन्यापासून ती रोज थोडा वेळ अंग सैल सोडायचा सराव करते. नाकाने श्वास घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा, जबडा आणि खांदे ढिले ठेवायचे, ध्वनिफीत ऐकत ठरलेली वाक्यं मनात घोळवायची. कळ साधारण मिनिटभर टिकते, मग उसंत मिळते. त्या मिनिटात दातओठ खाऊन आखडायचं नाही, एवढं अंगवळणी पडावं म्हणून हा खटाटोप.

यामागचा विचार ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने १९३३ मध्ये मांडला: भीतीने अंग ताठरतं, ताठरल्याने वेदना वाढतात, वेदनांनी भीती आणखी वाढते. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत मेरी मोंगन यांनी त्याला स्वसंमोहनाची जोड दिली.

डिक-रीडचं सगळंच काही टिकलेलं नाही. निसर्गतः बाळंतपण दुखूच नये, असा त्याचा सूर होता. ज्यांना कळा येऊन गेल्यात त्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. पण भीतीचा मुद्दा शरीरशास्त्राला धरून आहे. कळा आणतं ते ऑक्सिटोसिन, आणि घाबरल्यावर रक्तात उसळतं ते अॅड्रिनॅलिन. गर्भाशयाच्या स्नायूंवर अॅड्रिनॅलिनचे बीटा-२ ग्राहक असतात, म्हणजे अॅड्रिनॅलिन जिथे येऊन चिकटतं त्या जागा. ते चेतवले की स्नायू सैलावतो आणि कळा मंदावतात. अवेळी सुरू झालेल्या कळा थोपवायला डॉक्टर टर्ब्युटलिनसारखी औषधं देतात, तीही याच ग्राहकांवर काम करतात. म्हणजे घाबरलेली बाई एका अर्थी तेच औषध स्वतःच्या अंगात तयार करत असते, तेही नको त्या वेळी. नॉर्वेत २,२०६ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१२) बाळंतपणाची फार धास्ती असलेल्यांच्या कळा, इतर कारणं हिशेबात घेऊनही, सरासरी ४७ मिनिटं जास्त चालल्या. अर्थात भीती हेच एकमेव कारण, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही.

मेंदूतलं चित्र मला जास्त रंजक वाटतं. १९९७ मध्ये संशोधक पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहित माणसांना ४७ अंश सेल्सियस पाण्यात हात बुडवायला लावले. कधी ‘त्रास कमी होतोय’ असं सुचवलं, कधी ‘वाढतोय’ असं. पाणी तेवढंच गरम. मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदनेची जागा आणि तीव्रता टिपणाऱ्या भागात फारसा फरक पडला नाही. बदललं ते अँटीरियर सिंग्युलेटमधलं काम, जो भाग वेदना किती नकोशी वाटते याच्याशी निगडित आहे. दुखणं आणि दुखण्याचा त्रास यांचे धागे मेंदूत थोडे वेगळे आहेत, आणि सूचना पोचते ती दुसऱ्या धाग्यापर्यंत.

हे लक्षात ठेवलं की चाचण्यांचे निकाल कोड्यात टाकत नाहीत. डेन्मार्कमध्ये १,२२२ पहिलटकरणींवर प्रयोग झाला. काहींना एकेका तासाचे तीन स्वसंमोहन वर्ग, काहींना नुसतं शिथिलीकरण, काहींना नेहमीचीच तपासणी. एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करायला पाठीत देतात ते औषध, घेणाऱ्यांचं प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखंच, तीस टक्क्यांच्या आसपास. मात्र सहा आठवड्यांनी विचारलं, तेव्हा स्वसंमोहन शिकलेल्यांनी आपल्या बाळंतपणाचा अनुभव इतरांपेक्षा बरा सांगितला. फरक थोडाच, पण होता. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) नऊ चाचण्यांतल्या २,९५४ स्त्रियांची माहिती एकत्र केली. वेदनाशामकांचा एकूण वापर काहीसा कमी दिसला. एपिड्युरलमध्ये, आपोआप होणाऱ्या प्रसूतीत आणि समाधानात स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणून ‘वेदनारहित बाळंतपण’ अशी जाहिरात करणाऱ्या वर्गांवर माझा राग आहे. तसं ऐकून गेलेल्या मुलीने ऐन वेळी एपिड्युरल मागितलं किंवा बाळाचे ठोके मंदावल्याने सिझेरियन झालं, तर आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत राहतं. श्वासाने बाळ फिरत नाही, रक्तस्राव थांबत नाही, चढलेला रक्तदाब उतरवायला औषधच लागतं. सराव जरूर करावा, तो सुईच्या आणि सर्जनच्या सोबतीने.

आणि भीती कमी करायचा एक उपाय वर्गाच्या फीशिवायही मिळतो. बाळंतिणीजवळ शेवटपर्यंत कुणीतरी असणं. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्यांतून दिसलं, की अशी सोबत असलेल्यांत आपोआप प्रसूती होण्याचं प्रमाण वाढतं आणि सिझेरियन कमी होतं. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांसाठीच्या ‘लक्ष्य’ उपक्रमातही सोबतिणीला लेबर रूममध्ये येऊ देण्यावर भर आहे. तरी आई किंवा सासू बाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेली दिसतेच. नाव नोंदवतानाच विचारून ठेवावं: आत कोण येऊ शकतं, कळा येत असताना चालता-फिरता येईल का, रात्री एपिड्युरल देणारे भूलतज्ज्ञ असतात का.