उपाशी वाफ्यातली निवड

कराड-वाळवा पट्ट्यातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मक्याचे रोप वीतभर झाले की कधीकधी पानांच्या कडा जांभळट दिसू लागतात. हे स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेचे लक्षण. परंतु स्फुरद त्या जमिनीत नसते असे नव्हे, तर कॅल्शियमशी जखडले गेल्याने ते मुळांच्या हाती लागत नाही. पाटण-जावळीच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात. माण किंवा जतच्या मुरमाड माळावरचे दुखणे निराळे आहे: तिथे सेंद्रिय अंशच कमी, त्यामुळे नत्राचा तुटवडा.

अशा जमिनींसाठी वाण पैदा करताना पहिला प्रश्न पडतो तो निवड कुठे करायची हा, कारण भरपूर खत दिलेल्या वाफ्यात पहिला आलेला वाण माळावरही पहिला येईलच असे नाही. मेक्सिकोतील ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राच्या अभ्यासात असे दिसले की, नत्राअभावी उत्पादन सुमारे ४० टक्क्यांहून अधिक घटत असेल, तर निवडही उपाशी जमिनीतच केलेली बरी. असा वाफा मुद्दाम घडवावा लागतो. नत्र न देता हंगामामागून हंगाम मका घ्यायचा आणि ताटेही काढून न्यायची. (आपल्याकडे कोणी असे केले, तर बांधावरून जाणारा प्रत्येक जण दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाही.)

या वाफ्यात नुसते दाणे तोलून भागत नाही, कारण फरक वाणाचा की जागोजागी बदलणाऱ्या मातीचा, हे कळणे अवघड असते. म्हणून तुरा फुलणे आणि कणसाचे केसर बाहेर पडणे यांमधले दिवस मोजतात. उपाशी झाडाचे केसर मागे पडते, तोवर बराचसा पराग झडून गेलेला असतो, आणि कणीस सोलावे तर दाण्यांच्या ओळी तुटक निघतात. हे अंतर ज्यांत कमी आणि पाने ज्यांची उशिरापर्यंत हिरवी, तेच वाण पुढे न्यायचे.

मुळांचे गणित मात्र जमिनीगणिक बदलते. स्फुरद फारसे जागचे हलत नाही आणि वरच्या थरातच अधिक असते, म्हणून त्यासाठी उथळ पसरणारी मुळे हवीत. नायट्रेट, म्हणजे मुळे घेतात ते नत्राचे रूप, पाण्याबरोबर खाली झिरपते, त्याच्या मागे खोल जाणारी. पण माळावर वीत-दोन वितींखाली मुरूमच लागत असेल, तर खोल मुळे जाणार कुठे? माझ्या मते तिथे अधिक कामाची ठरेल ती मुळांची काटकसर. काही वाणांत मुळाच्या सालीतील पेशी मरून हवेच्या पोकळ्या तयार होतात. असे मूळ पोसायला झाडाला साखर कमी लागते, आणि वाचलेल्या साखरेवर ते आणखी मुळे वाढवू शकते.