कोरीव पितळेवरचा रंग आणि भट्टीचा गैरसमज

ठाण्यात दारावरची किंवा देवघरातली पितळी पाटी हाताने कोरून घेणाऱ्यांना हमखास एक सल्ला मिळतो: कोरलेल्या रेषांत भरलेला इनॅमल रंग भट्टीत तापवल्याशिवाय पक्का होत नाही. हा सल्ला खऱ्या मीनाकामाचा आहे. मीना म्हणजे काचेची पूड. ती साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळून धातूला चिकटते. आज अनेक पाट्यांवर भरला जाणारा रंग मात्र रेझिनचा, म्हणजे कृत्रिम राळेचा असतो, आणि तो हार्डनरशी, म्हणजे त्याला घट्ट करण्यासाठी मिसळायच्या दुसऱ्या घटकाशी, होणाऱ्या रासायनिक क्रियेने, खोलीच्या तापमानालाच, साधारण दिवसभरात घट्ट होतो. भट्टीच्या आचेत तो जळून काळा पडेल.

मग रंग सुटतो कशामुळे? माझ्या मते बहुतेकदा घाईमुळे. रेषेत कोरताना लागलेले तेल किंवा पॉलिशचा मेणचटपणा राहिला, अथवा रेझिन आणि हार्डनर अंदाजाने मिसळले, तर रंग धरत नाही किंवा चिकट राहतो. रेषा ॲसिटोनने पुसून, पुरेशी खोल आणि किंचित खरखरीत ठेवली, तरच रंगाला धातूत पकड मिळते. रंगवलेली पाटी चिंच-राखेने घासणे मात्र टाळावे, कारण राखेतले कण काच सहज ओरखडत नाहीत, रेझिन ओरखडतात.