साक्षीचं मानसशास्त्र

साक्षीदार जे बघतो, लक्षात ठेवतो आणि नंतर कोर्टात सांगतो, त्यात फरक कसा पडत जातो याचा अभ्यास म्हणजे साक्षीचं मानसशास्त्र. मानसशास्त्राचा कायद्याशी संबंध आला तो बहुधा इथूनच.

सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. अमेरिकन लेखक साधारणपणे मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्गच्या याच विषयावरच्या १९०८ च्या पुस्तकाकडे बोट दाखवतात, पण त्याच्या आधी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅटेलने १८९३ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या आठवणी तपासल्या होत्या, फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ बिने लहान मुलं उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांना कशी बळी पडतात ते बघत होता आणि जर्मनीत विल्यम स्टर्नने १९०३ पासून या विषयाला वाहिलेलं नियतकालिकच काढलं, त्यामुळे सुरुवातीचा मान स्टर्नकडे जाणं जास्त योग्य वाटतं. बर्लिनला कायद्याचे प्राध्यापक फॉन लिस्ट यांच्या वर्गात, १९०१ च्या आसपास, दोन विद्यार्थ्यांचं ठरवून भांडण लावलं, एकाने रिव्हॉल्व्हर काढलं, प्रोफेसर मध्ये पडले, आणि बाकीच्यांना काय पाहिलं ते लिहायला सांगितलं. म्युन्स्टरबर्गच्या वृत्तांतानुसार सगळ्यात चांगल्या जबानीतही २६ टक्के चुका होत्या, सगळ्यात वाईट जबानीत ८० टक्के, आणि जिथे प्रसंग तापला तिथे चुका आणखी वाढल्या. म्हणजे भेदरलेल्या माणसाला सगळं लख्ख आठवतं ही समजूत तेव्हाच डळमळली होती.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी अपघाताची फिल्म दाखवून प्रश्नातलं एक क्रियापद बदललं. गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलेल्या ५० पैकी ७ जणांना आठवड्याने फुटलेली काच 'आठवली', 'जोरात आदळल्या' असं विचारलेल्या ५० पैकी १६ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

भारतात सुप्रीम कोर्टाने १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदाराची स्मृती म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे असं स्पष्ट म्हटलं. तो निकाल मुळात बारीकसारीक विसंगतींवरून पीडितेला खोटं पाडू नये यासाठी होता आणि ते फार मोलाचं होतं, पण तोच मुद्दा ओळख परेडीला तितक्याच गंभीरपणे लावायला हवा.

ओळख परेड म्हणजे आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या डमींमध्ये उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावणं. महाराष्ट्रात ती बहुतेक वेळा नायब तहसीलदार पंचांसमोर घेतात, पोलिसांना बाहेर ठेवतात. हा स्वतंत्र पुरावा नाही, कोर्टातल्या ओळखीला फक्त दुजोरा. आरोपीचा चेहरा आधीच लॉकअपमध्ये दिसला असेल किंवा फोटो पेपरात आला असेल तर साक्षीदार घटनेतला माणूस ओळखतो की फोटोतला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही, म्हणूनच आरोपीला तोंड झाकून आणायची पद्धत आहे. आरोपीला रांगेत हवी ती जागा निवडू देतात, ते चांगलंच, पण परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती जागा माहीत असते. साक्षीदार अडखळला की नुसती नजर त्या बाजूला वळली तरी पुरते, आणि त्या नजरेची नोंद पंचनाम्यात कुठेच होत नाही.